उपाहारगृह-कामगार कायदे

उपाहारगृह-कामगार कायदे : चहाची दुकाने, खानावळी, उपाहारगृहे, धाबे इ. ठिकाणी मजुरीवर काम करणाऱ्या व्यक्तींचे वेतन, कामाचे तास, विश्रांती, सुट्या, वय व सुरक्षितता यांचे नियमन करणारे कायदे. महाराष्ट्रात असा एकच स्वतंत्र कायदा नाही. दुकाने व आस्थापनाविषयक राज्य अधिनियम, वेतन व सामाजिक सुरक्षेसंबंधीच्या केंद्रीय संहिता आणि बालकामगार, वेठबिगार व लैंगिक छळ यांविषयीचे केंद्रीय अधिनियम या सर्वांच्या तरतुदी एकत्र वाचल्यावरच उपाहारगृहाच्या मालकाची कर्तव्ये व कामगाराचे हक्क स्पष्ट होतात. यांतील काही तरतुदी कामगारांच्या संख्येवर अवलंबून असतात, तर काही एकच कामगार असला तरी लागू होतात. लहान उपाहारगृहाच्या बाबतीत हा भेद सर्वांत महत्त्वाचा ठरतो.

धंद्याचे स्वरूप : वाशिम जिल्ह्यातील अनसिंग हे वाशिम–पुसद मार्गावरील बाजारगाव आहे. अशा गावांतून बसथांब्याजवळ व बाजाराच्या रस्त्यावर जी उपाहारगृहे असतात, त्यांना बोलीत सरसकट ‘हॉटेल’ असेच म्हणतात. तेथे राहण्याची सोय नसते. चहा, भजी, पोहे, मिसळ आणि दुपारी जेवणाचे ताट एवढाच व्यवहार असतो. एक आचारी, भट्टीवर बसणारा, एकदोन वाढपी, भांडी घासणारी बाई व कपबश्या विसळणारा पोऱ्या एवढाच कामगारवर्ग असून गल्ल्यावर मालक किंवा त्याचा मुलगा बसतो. पहाटेच्या पहिल्या गाडीपूर्वी भट्टी पेटते आणि रात्री भांडी झाल्याशिवाय काम संपत नाही. मधल्या वेळात गिऱ्हाईक नसले, तरी कामगाराला जागा सोडता येत नाही. काम सलग नसून दिवसभर विखुरलेले असणे, मालक व कामगार एकाच छताखाली वावरत असणे, वेतनाचा काही भाग जेवणाच्या रूपाने दिला जाणे आणि सारे व्यवहार तोंडी असणे, ही या धंद्याची वैशिष्ट्ये होत. गिरणीसाठी केलेले नियम येथे जसेच्या तसे लागू करणे अवघड असल्याने या क्षेत्रात निराळ्या प्रकारचा कायदा करावा लागला.

ऐतिहासिक पार्श्वभूमी : एकोणिसाव्या शतकातील कामगार कायदे कारखान्यांपुरते होते. दुकाने व उपाहारगृहे यांतील नोकरांकडे लक्ष पुरविणारा भारतातील पहिला कायदा मुंबई प्रांताने १९३९ मध्ये संमत केला. १९४२ मध्ये केंद्रीय विधिमंडळाने साप्ताहिक सुट्टीविषयी अधिनियम केला व त्यात दुकानांबरोबर उपाहारगृहांचाही समावेश केला. मुंबई प्रांताचा पहिला कायदा रद्द होऊन त्याच्या जागी १९४८ चा मुंबई दुकाने व आस्थापना अधिनियम आला. त्यात निवासी हॉटेले, उपाहारगृहे व खानावळी यांच्यासाठी स्वतंत्र प्रकरण होते. उघडण्याच्या व बंद करण्याच्या वेळा, दिवसाला नऊ तासांची मर्यादा, मधली विश्रांती, आठवड्याची सुट्टी आणि जादा कामाचा दुप्पट मोबदला या गोष्टी त्याने निश्चित केल्या.

अनसिंगचा परिसर त्या काळी वऱ्हाडात, म्हणजे मध्य प्रांत व वऱ्हाड या प्रांतात होता. वाशिमचा पूर्वीचा स्वतंत्र जिल्हा १९०५ मध्ये अकोला जिल्ह्यात विलीन झालेला होता. मध्य प्रांत व वऱ्हाडने दुकाने व आस्थापना यांसंबंधीचा आपला कायदा १९४७ मध्ये केला. १९५६ मध्ये विदर्भ द्विभाषिक मुंबई राज्यात आला व १९६० मध्ये महाराष्ट्र राज्य स्थापन झाले. त्यानंतर मुंबईचा अधिनियम विदर्भासही लागू करण्यात आला. वाशिम जिल्हा १ जुलै १९९८ रोजी पुन्हा अस्तित्वात आला.

१९४८ च्या अधिनियमाची व्याप्ती स्थानिक क्षेत्रांवर आधारलेली होती. अनुसूचीत नमूद केलेल्या किंवा शासनाने अधिसूचित केलेल्या क्षेत्रांतच तो अंमलात येई. त्यामुळे शहरातील लहानात लहान चहाचे दुकान त्याच्या कक्षेत येई. उलट अधिसूचित नसलेल्या खेड्यातील मोठी खानावळही बाहेर राही.

कारखान्याहून भिन्नत्व : स्वयंपाक हीही एक उत्पादनप्रक्रियाच असल्याने उपाहारगृहाचे स्वयंपाकघर ‘कारखाना’ ठरते काय, हा प्रश्न अनेकदा उपस्थित झाला. १९४८ च्या कारखाना अधिनियमात १९७६ मध्ये दुरुस्ती होऊन हॉटेल, उपाहारगृह व भोजनस्थान यांना कारखान्याच्या व्याख्येतून वगळण्यात आले. तथापि कर्मचारी राज्य विमा अधिनियमापुरते स्वयंपाकघर कारखाना ठरू शकते, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने १९९३ मध्ये जी. एल. हॉटेल्सच्या प्रकरणात दिला. एका कायद्याखाली मिळालेली सूट दुसऱ्या कायद्याखाली गृहीत धरता येत नाही, हे तत्त्व यावरून दिसून येते.

२०१७ चा राज्य अधिनियम : महाराष्ट्र दुकाने व आस्थापना (नोकरीचे व सेवाशर्तींचे विनियमन) अधिनियम, २०१७ हा १९ डिसेंबर २०१७ पासून अंमलात आला व १९४८ चा अधिनियम रद्द झाला. नवा कायदा संपूर्ण राज्याला लागू असला, तरी त्याची व्याप्ती कामगारांच्या संख्येवर ठरविण्यात आली. मूळ अधिनियमानुसार दहा किंवा अधिक कामगार असलेल्या आस्थापनेने धंदा सुरू झाल्यापासून साठ दिवसांत नोंदणी करावयाची होती. दहापेक्षा कमी कामगार असलेल्या आस्थापनेला नोंदणीची आवश्यकता नव्हती. तिने त्याच मुदतीत धंदा सुरू केल्याची सूचना (इत्तिला) संगणकीय पद्धतीने, स्वयंघोषणापत्रासह द्यावयाची होती. जुन्या कायद्याखालील नोंदणीला व्यापारी मंडळी ‘गुमास्ता’ म्हणत. सूचनेच्या पोचपावतीलाही व्यवहारात तेच नाव राहिले.

मोठ्या आस्थापनांसाठी मूळ अधिनियमात पुढील प्रमाणे ठरविलेली होती : दिवसाला नऊ व आठवड्याला अठ्ठेचाळीस तास काम, सलग पाच तासांनंतर किमान अर्धा तास विश्रांती, विश्रांतीसह कामाचा एकूण विस्तार साडेदहा तास, व खंडित स्वरूपाच्या कामात बारा तास, जादा कामाला दुप्पट दर व तीन महिन्यांत जास्तीत जास्त १२५ तास जादा काम, आठवड्यातून एक दिवस सुट्टी, वर्षाला आठ नैमित्तिक रजा व आठ सणांच्या पगारी सुट्या, आणि वर्षात २४० दिवस काम केलेल्यास दर वीस दिवसांमागे एक दिवस भरपगारी रजा. आठ सुट्यांपैकी २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट व २ ऑक्टोबर हे दिवस ठरलेले आहेत. स्त्री कामगारास रात्री साडेनऊ ते सकाळी सात या वेळात तिच्या संमतीशिवाय कामावर ठेवता येत नाही. संमती असली तरी संरक्षणाची व्यवस्था मालकाने करावयाची असते.

३ सप्टेंबर २०२५ रोजी राज्य मंत्रिमंडळाने या अधिनियमात बदल करण्यास मान्यता दिली व त्याच वर्षी अध्यादेशाद्वारे ते बदल करण्यात आले. अधिनियम लागू होण्याची संख्या दहावरून वीस कामगारांवर नेण्यात आली. दिवसाच्या कामाची मर्यादा नऊवरून दहा तास, विश्रांतीपूर्वीचे सलग काम पाचवरून सहा तास, कामाचा विस्तार साडेदहावरून बारा तास आणि तीन महिन्यांतील जादा काम १२५ वरून १४४ तास झाले. वीसपेक्षा कमी कामगार असणाऱ्यांना केवळ सूचना देणे पुरेसे ठरले.

आस्थापनेच्या नामफलकावर देवनागरी लिपीतील मराठी नाव ठळकपणे असण्याची सक्ती मात्र २०२२ च्या दुरुस्तीने लहान आस्थापनांनाही लागू केलेली आहे. फलकावर अन्य लिपीतील अक्षरे असल्यास मराठी अक्षरे त्यांहून लहान असू नयेत, असा नियम आहे.

वेतन : राज्य अधिनियमाच्या सेवाशर्तींतून लहान उपाहारगृह सुटले, तरी वेतनविषयक कायद्यातून ते सुटत नाही. किमान वेतन अधिनियम, १९४८ याच्या अनुसूचित धंद्यांत महाराष्ट्रात निवासी हॉटेले, उपाहारगृहे व खानावळी यांचा समावेश होता. २१ नोव्हेंबर २०२५ पासून हा अधिनियम, तसेच वेतन प्रदान, बोनस व समान वेतन यांविषयीचे अधिनियम यांच्या जागी वेतन संहिता, २०१९ अंमलात आली. जुन्या अधिसूचना, संहितेशी विसंगत नसतील तेथवर, चालू राहतात. संहितेने किमान वेतनाचा हक्क अनुसूचित धंद्यांपुरता न ठेवता सर्व कामगारांना दिला. त्यासाठी कामगारसंख्येची अट नाही.

किमान वेतनाचा दर परिमंडळ व कौशल्याची श्रेणी यांनुसार ठरतो. महानगरपालिकेच्या क्षेत्रात तो अधिक असतो व ग्रामपंचायतीच्या क्षेत्रात कमी. आचारी हा सामान्यतः कुशल, तर भांडी घासणारी व्यक्ती अकुशल श्रेणीत मोडते. मूळ दराशिवाय महागाईच्या निर्देशांकानुसार विशेष भत्ता दर सहा महिन्यांनी जाहीर होतो. म्हणून एकदा ठरविलेला पगार वर्षानुवर्षे तसाच ठेवणारा मालक, त्याची इच्छा नसतानाही, काही काळाने कायद्याचा भंग करणारा ठरतो. वेतन चलनात, धनादेशाने किंवा बँक-खात्यात द्यावयाचे असते. दोन वेळचे जेवण व रात्री झोपण्यास जागा दिली, एवढ्यावरून किमान वेतन दिले असे होत नाही. गिऱ्हाइकाने खुशीने ठेवलेली बक्षिशी मालकाकडून मिळत नसल्याने तीही वेतनात धरता येत नाही.

मासिक वेतन पुढील महिन्याचा सातवा दिवस संपण्यापूर्वी, साप्ताहिक वेतन आठवड्याच्या शेवटच्या कामाच्या दिवशी व रोजंदारी त्या दिवसाची पाळी संपताना देणे बंधनकारक आहे. कामगार नोकरी सोडून गेला किंवा त्याला काढून टाकले, तर त्याचा हिशेब कामाच्या दोन दिवसांत चुकता करावा लागतो. फुटलेल्या कपबश्यांचे पैसे कापण्याची चाल या धंद्यात जुनी आहे. नुकसान कामगाराच्या हयगयीमुळे झाले असेल व त्याला म्हणणे मांडण्याची संधी दिली असेल, तरच अशी कपात करता येते. सर्व प्रकारच्या कपाती मिळून वेतनाच्या निम्म्याहून अधिक होता कामा नयेत.

कामाचे तास व विश्रांती यांबाबत लहान उपाहारगृहातील कामगाराला वेतन संहितेचे १३ वे व १४ वे कलम महत्त्वाचे आहे. पहिल्याने शासनाला दिवसाचे तास व सात दिवसांतून एक विश्रांतीचा दिवस ठरविण्याचा अधिकार दिला आहे; दुसऱ्याने ठरलेल्या तासांपलीकडील कामाला किमान दुप्पट दर देण्याची सक्ती केली आहे. १९४८ च्या किमान वेतन अधिनियमातही हे दोन विषय याच क्रमांकांच्या कलमांत होते. उदा., दिवसाचे नऊ तास व रोज ४५० रु. ठरले आहेत असे धरल्यास तासाचा दर ५० रु. होतो, कामगार अकरा तास राबला, तर जादा दोन तासांचे २०० रु. मिळून त्या दिवसाचे ६५० रु. त्याला द्यावयास हवेत.

लहान धंद्याला एवढे वेतन परवडत नाही, हा युक्तिवाद नेहमी केला जातो. सर्वोच्च न्यायालयाने क्राउन ॲल्युमिनियम वर्क्स (१९५८) व उणिचोयी (१९६१) या प्रकरणांत किमान वेतनाच्या बाबतीत मालकाची ऐपत हा मुद्दा अप्रस्तुत ठरविला. पुढे १९८२ मध्ये पीपल्स युनियन फॉर डेमॉक्रॅटिक राइट्सच्या प्रकरणात किमान वेतनापेक्षा कमी मोबदल्यावर काम करवून घेणे ही संविधानाच्या २३ व्या अनुच्छेदाने निषिद्ध केलेली सक्तीची मजुरी होय, असा निर्णय न्यायालयाने दिला.

उचल : हंगामापूर्वी किंवा घरातील अडचणीच्या वेळी कामगार मालकाकडून आगाऊ रक्कम घेतो, तिला विदर्भ-मराठवाड्यात ‘उचल’ म्हणतात. उचल देणे बेकायदेशीर नाही व ती ठरावीक हप्त्यांनी वेतनातून वळती करता येते. परंतु ती फिटेपर्यंत कामगाराला नोकरी सोडण्यास, दुसरीकडे काम करण्यास किंवा गावी जाण्यास मज्जाव केला, अथवा तिच्यापोटी नाममात्र वेतनावर राबविले, तर तो व्यवहार वेठबिगार पद्धती (निर्मूलन) अधिनियम, १९७६ खाली येतो. असे ठरल्यास ते कर्जच रद्द होते व मालक शिक्षेस पात्र होतो. म्हणून उचलीची नोंद लेखी असणे व हप्ता किमान पोटापुरते वेतन शिल्लक ठेवणारा असणे हे दोघांच्याही हिताचे असते.

बालकामगार : कपबश्या विसळणारा पोऱ्या हे या धंद्याचे दीर्घकाळ चालत आलेले चित्र आहे. बालकामगार (प्रतिबंध व नियमन) अधिनियम १९८६ मध्ये झाला, तरी त्याच्या निषिद्ध कामांच्या यादीत उपाहारगृहे नव्हती. १० डिसेंबर १९९६ रोजी एम. सी. मेहता विरुद्ध तमिळनाडू राज्य या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने धोक्याच्या कामावर मूल ठेवणाऱ्या मालकाकडून प्रत्येक मुलामागे २०,००० रु. पुनर्वसन निधीसाठी वसूल करण्याचा आदेश दिला. १० ऑक्टोबर २००६ पासून धाबे, उपाहारगृहे, हॉटेले व चहाची दुकाने यांत चौदा वर्षांखालील मुले ठेवण्यास बंदी झाली. २०१६ च्या दुरुस्तीने ही बंदी सर्व धंद्यांना लागू केली. या अपराधास सहा महिने ते दोन वर्षे कैद, किंवा २०,००० ते ५०,००० रु. दंड, किंवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात व तो दखलपात्र आहे. स्वतःच्या कुटुंबाच्या उद्योगात शाळेच्या वेळेनंतर व सुट्टीत मुलाने मदत करण्यास कायद्याची हरकत नाही. मात्र काम धोक्याचे नसावे व त्यामुळे शिक्षणात खंड पडता कामा नये. नात्यातला किंवा गावाकडचा मुलगा ‘शिकायला ठेवला आहे’ ही सबब या सवलतीत बसेलच असे नाही. कामावर घेताना वयाचा पुरावा पाहून त्याची प्रत ठेवणे, ही मालकाने घ्यावयाची पहिली दक्षता होय.

स्त्री कामगार : समान कामाला समान वेतन ही अट वेतन संहितेत आहे. कामाच्या ठिकाणी होणाऱ्या लैंगिक छळाविरुद्धच्या २०१३ च्या अधिनियमान्वये दहा किंवा अधिक कर्मचारी असलेल्या ठिकाणी अंतर्गत समिती नेमावी लागते. दहापेक्षा कमी कर्मचारी असतील, किंवा तक्रार खुद्द मालकाविरुद्ध असेल, तर स्त्रीला जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे जाता येते. लहान उपाहारगृहात भांडी घासणाऱ्या एकट्या बाईला हाच मार्ग उपलब्ध असतो.

सामाजिक सुरक्षा : सामाजिक सुरक्षा संहिता, २०२० हीदेखील २१ नोव्हेंबर २०२५ रोजी अंमलात आली. तीखाली कर्मचारी राज्य विमा व उपदान (ग्रॅच्युइटी) यांसाठी दहा, तर भविष्य निर्वाह निधीसाठी वीस कर्मचाऱ्यांची मर्यादा आहे. पाच वर्षे नोकरी झालेल्या कामगारास दर वर्षामागे पंधरा दिवसांच्या वेतनाइतके उपदान मिळते. महाराष्ट्र कामगार कल्याण निधीसाठी पाच कर्मचाऱ्यांची मर्यादा असून त्याची वर्गणी जून व डिसेंबर महिन्यांत भरावयाची असते. पाचसहा माणसांच्या उपाहारगृहातील कामगार यांपैकी बहुतेक योजनांच्या बाहेर राहतो. असंघटित कामगारांसाठी २६ ऑगस्ट २०२१ रोजी सुरू झालेली ई-श्रम नोंदणी त्याला उपलब्ध आहे. १६ ते ५९ वर्षे वयाच्या व्यक्तीला ती करता येते. उकळते तेल, वाफ, वायूची टाकी व ओली फरशी यांमुळे या धंद्यात भाजण्याचे व घसरून पडण्याचे अपघात संभवतात. अशा वेळी विमा नसल्यास खर्चाचा बोजा मालक किंवा कामगार यांपैकी एकावर एकदम पडतो.

अंमलबजावणी व नोंदी : जिल्हा पातळीवर या कायद्यांची अंमलबजावणी सरकारी कामगार अधिकाऱ्याकडे असते, अनसिंगसाठी हे कार्यालय वाशिम येथे आहे. वेतन संहितेत निरीक्षकाला ‘निरीक्षक-नि-सुविधाकार’ असे स्थान दिले असून माहिती व सल्ला देणे हेही त्याचे काम मानले आहे. किमान वेतनापेक्षा कमी वेतन दिल्यास ५०,००० रु. पर्यंत दंड होऊ शकतो. पाच वर्षांच्या आत तोच अपराध पुन्हा घडल्यास तीन महिन्यांपर्यंत कैद, एक लाख रु. पर्यंत दंड, किंवा दोन्ही शिक्षा आहेत. थकलेल्या वेतनाची मागणी तीन वर्षांपर्यंत करता येते. वेतन दिले हे सिद्ध करण्याचा भार मालकावर असतो, ही गोष्ट लहान धंद्यात विशेष अडचणीची ठरते. कारण पैसे खरोखर दिलेले असले, तरी सही नसते. यासाठी हजेरीपट, वेतनपत्रक, वेतनचिठ्ठी, उचलीची वही व वयाचे दाखले एवढी कागदपत्रे पुरेशी असतात. त्यांना खर्च फारसा येत नाही. रोज दहा मिनिटांची शिस्त मात्र लागते.

मूल्यमापन : आंतरराष्ट्रीय मजूर संघटनेने १९९१ मध्ये हॉटेले व उपाहारगृहे यांतील कामाच्या परिस्थितीविषयी १७२ क्रमांकाचा करार स्वीकारला. वाजवी तास, पुरेशी विश्रांती आणि बक्षिशीवर अवलंबून नसलेले नियमित मूळ वेतन ही त्याची प्रमुख सूत्रे होत. भारताने त्याला अनुसमर्थन दिलेले नाही. तथापि ही सूत्रे भारतीय कायद्यांत अंशतः आढळतात. महाराष्ट्रातील कायद्याचा प्रवास पाहता, पूर्वी खेड्यातील कामगार स्थानामुळे संरक्षणाबाहेर राहत असे. आता तो संख्येमुळे बाहेर राहतो. लहान मालकाची कागदपत्रांच्या जाचातून सुटका व्हावी, हा सवलतीमागील हेतू समजण्यासारखा आहे. कारण असा मालक बहुधा स्वतःही कामगाराइतकाच राबत असतो. परंतु नोंदणीतून मिळालेली सूट ही सर्व कायद्यांतून मिळालेली सूट होय, असा समज त्यामुळे बळावतो. प्रत्यक्षात किमान वेतन, वेळेवर वेतन, बालकामगारबंदी, वेठबिगारबंदी व स्त्रियांचे संरक्षण यांना उपाहारगृहाच्या आकाराची मर्यादा नाही. साप्ताहिक सुट्टी व भरपगारी रजा यांचा प्रश्न मात्र बराचसा वेतन संहितेखालील नियमांवर व त्यांच्या अंमलबजावणीवर अवलंबून आहे. सहा जणांच्या उपाहारगृहातील वाढप्याला आठवड्यातून एक दिवस मिळतो की नाही, यावरून या कायद्यांची परिणामकारकता अजमावता येईल.